गिऱ्हाईक खोटं बोलत असेल तर? छोट्या धंद्यातली फसवणूक आणि आपले नियम

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. फसवणारी गिऱ्हाइकं. म्हणजे माल घेऊन पैसे न देणारे, खोटा स्क्रीनशॉट दाखवणारे, वापरलेला ड्रेस धुऊन परत पाठवणारे, आणि "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत वर्ष काढणारे.

दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो, यावर आपण खूप बोलतो. त्यासाठी कायदा आहे, ग्राहक आयोग आहे, आणि ते असायलाच हवं. पण उलटं झालं तर? सकाळी सातला शटर उघडणाऱ्या माणसाला कुणी फसवलं तर त्याने काय करायचं? आपल्यापैकी कितीतरी जण नोकरी सांभाळून इन्स्टाग्रामवर काहीतरी विकतात, कुणाच्या घरी मेस आहे, कुणाच्या वडिलांचं दुकान आहे. त्या सगळ्यांसाठी आजचा भाग.

मी स्वतः पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आमच्या घरचा धंदा आहे कोल्हापूरला. बाबांचा छोटा मशीन शॉप आहे, तीन लेथ आणि पाच कामगार. मोठ्या कंपन्यांकडून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग करून परत पाठवतो. आणि माझी आतेबहीण, आमची ताई, साड्यांचा ऑनलाइन धंदा करते, प्रदर्शनात स्टॉलही लावते. त्यामुळे फसवणुकीचे दोन्ही प्रकार मी घरातच पाहिलेत: दोन मिनिटांत फसवणारा आणि दोन वर्षं घेऊन फसवणारा.

एक साधा नियम

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात पहिल्याच वर्षी एक नियम शिकवतात. क्लायंटकडून आलेल्या कुठल्याही माहितीवर तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. इथे क्लायंट म्हणजे माणूस नव्हे हं, तुमच्या हातातलं ॲप किंवा ब्राउझर. समजा तुम्ही ऑनलाइन ५०० रुपयांचा शर्ट घेताय. तुमच्या फोनकडून सर्व्हरला निरोप जातो. एखादा हुशार माणूस त्या निरोपात ५०० च्या जागी ५ लिहून पाठवू शकतो. म्हणून नीट बनवलेला सर्व्हर फोनने सांगितलेली किंमत वापरतच नाही. तो स्वतःच्या नोंदीतून किंमत काढतो.

यात दोन गोष्टी बघा. एक, सर्व्हर कुणालाही "तू चोर आहेस का?" असं विचारत नाही. तो सगळ्यांचं सारखं तपासतो. दोन, प्रामाणिक माणसाला आपली तपासणी झाली हे कळतसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे कॉम्प्युटरचं झालं, दुकानात कसं चालणार? अहो, दुकानात हे आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आलंय. "आज रोख, उद्या उधार" ही पाटी आठवते? ती पाटी सगळ्यांना सारखंच सांगते. त्यामुळे दुकानदाराला कुणाच्या तोंडावर "तुमच्यावर विश्वास नाही" म्हणावं लागत नाही. पाटी बोलते, माणूस गप्प राहतो, आणि संबंध टिकतात.

मला आज एवढंच सांगायचंय. माणूस चांगला की वाईट हे चेहऱ्यावरून ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. कारण फसवणारा माणूस बोलायला सगळ्यात गोड असतो. त्यापेक्षा असे नियम करा की समोरचा कसाही असला तरी तुमचे पैसे सुरक्षित राहतील.

काउंटरवरची फसवणूक

पहिला प्रकार, पेमेंटचा. यूपीआय आलं २०१६ मध्ये, आणि आज चहाच्या गाड्यावरही क्यूआर कोड आहे. सोय मोठी, पण स्क्रीनशॉट म्हणजे पैसे असं एक नवं खूळ डोक्यात बसलं. स्क्रीनशॉट हे फक्त चित्र असतं. ते जुनं असू शकतं, एडिट केलेलं असू शकतं. इतकंच काय, हुबेहूब पेमेंट ॲपसारखी दिसणारी बनावट ॲप्स आहेत. रक्कम टाका, नाव टाका, हिरवी टिक येते, आवाजही येतो. पैसे मात्र कुठेच गेलेले नसतात.

म्हणून नियम: गिऱ्हाइकाच्या फोनवर काय दिसतं ते बघायचंच नाही. आपल्या खात्यात काय आलं ते बघायचं. साउंडबॉक्स बोलला, किंवा आपल्या ॲपच्या हिस्टरीत रक्कम दिसली, तरच पैसे आले. नुसत्या एसएमएसवरही जाऊ नका, कारण "तुमच्या खात्यात इतके जमा" असा मेसेज कुणीही साध्या नंबरवरून टाइप करून पाठवू शकतो.

ताईच्या स्टॉलवर संध्याकाळच्या गर्दीत हे फार होतं. तिने टेबलावर एक कार्ड ठेवलंय: "आमच्या फोनवर पेमेंट दिसल्यावर पिशवी हातात देऊ. दोन मिनिटं थांबाल ना?" कुणालाही राग येत नाही. घाईत असलेला भामटा मात्र तिथे टिकत नाही.

पण एक प्रश्न येतो. समोरचा खरंच प्रामाणिक असेल, त्याचे पैसे कापले गेले असतील आणि आपल्याकडे आलेच नसतील तर? अशा वेळी दुकानदाराला अपराधी वाटतं आणि तो माल देऊन टाकतो. तर इथे रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम माहीत असू द्या. यूपीआयमध्ये पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर ते आपोआप परत जमा करावे लागतात. एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे त्या गिऱ्हाइकाचे पैसे बुडत नाहीत. तुम्ही शांतपणे सांगू शकता, "दादा, तुमचे पैसे बँकेकडून परत येतील, आत्ता दुसऱ्या मार्गाने द्या, नाहीतर मी माल बाजूला काढून ठेवतो." त्याचा नंबर आणि १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबर लिहून घ्या. आणि पैसे उशिरा तुमच्याकडेच आले, तर स्वतःहून फोन करून सांगा. नियम दोन्ही बाजूंनी पाळला तरच त्याला मान राहतो.

दुसरा प्रकार फोनवरचा. "मी आर्मीतून बोलतोय, आम्हाला पन्नास जणांचं जेवण हवंय." ऑर्डर मोठी, घासाघीस अजिबात नाही, आणि पैसे आगाऊ देतो म्हणतात. मग म्हणतात, "आमची पेमेंटची पद्धत वेगळी आहे, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." इथे एक वाक्य पाठ करा आणि आईबाबांनाही पाठ करून घ्या: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. खरं सैन्य तुमच्या मेसमधून अशी थाळी मागवत नाही.

याचाच भाऊ म्हणजे "चुकून जास्त पाठवले". दोन हजारांच्या जागी वीस हजार पाठवले, बाकीचे परत करा, आई दवाखान्यात आहे, वगैरे. वर एक खोटा एसएमएस. आधी खातं बघा. पैसे खरंच आले असतील तरी फोनवरच्या माणसाने दिलेल्या दुसऱ्याच नंबरवर पाठवू नका, बँकेला कळवा आणि बँकेमार्फत परत करा.

आणि फसलातच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात, त्याआधी कळवलं तर ते वाटेत गोठवता येतात. इथे दिवस नाही, मिनिटं मोजायची.

पार्सल परत आलं, पण आत दुसरंच

ऑनलाइन विकणाऱ्यांची वेगळी कथा. कॅश ऑन डिलिव्हरी मागवायचं आणि दारात नाही म्हणायचं. जाण्यायेण्याचं कुरिअर भाडं आपल्या डोक्यावर. किंवा नवी पैठणी मागवायची, एका लग्नात मिरवायची, आणि "रंग वेगळा आहे" म्हणून परत करायची. किंवा "डबा रिकामाच आला".

ताईने तीन गोष्टी ठरवल्यात. पार्सल भरताना व्हिडिओ करायचा, त्यात साडी, पदराची बाजू, ऑर्डर नंबर, वजनकाट्यावरचा आकडा आणि शेवटी चिकटपट्टी लावेपर्यंत सगळं एका सलग चित्रीकरणात. कॅश ऑन डिलिव्हरी हवी असेल तर कुरिअरचा खर्च आगाऊ. आणि परत पाठवायचं असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि साडीचा टॅग शाबूत हवा. हे सगळं ऑर्डर घेण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवलं जातं, भांडण झाल्यावर नव्हे.

पण एक लक्षात ठेवा. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढं लिहून सुटता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणजे साडीत खरंच दोष असेल तर परत घ्यावीच लागेल. व्हिडिओ हा खरा दोष आणि खोटी तक्रार यांत फरक करण्यासाठी आहे, गिऱ्हाइकाला पिटाळून लावण्यासाठी नाही.

दोन वर्षं घेऊन फसवणारा

आता बाबांच्या धंद्याकडे येऊ. इथे फसवणारा बनावट ॲप घेऊन येत नाही. तो एसी केबिनमध्ये बसलेला असतो आणि चहा पाजतो.

एका पार्टीने आमचे दोन लाख ऐंशी हजार अडकवले होते. आधी "साहेब बाहेर आहेत", मग "अकाउंट्सवाला रजेवर आहे", मग "आमचंच वरून आलं नाही". आणि पाच महिन्यांनी बाबा जरा जोरात बोलले, तर अचानक उत्तर आलं, "तुमच्या मालात रिजेक्शन होतं." पाच महिने तो माल वापरून पुढे विकून झाला होता! त्या वर्षी दिवाळीला कामगारांचा बोनस द्यायला आईच्या पाटल्या सोनाराकडे गहाण ठेवल्या. आईने स्वतःच काढून दिल्या, एक शब्द बोलली नाही. म्हणून सांगतो, उधारी हा फक्त वहीतला आकडा नसतो.

बरं, जीएसटीचा हिशोब बघा. लाखाच्या कामावर १८ टक्के दर धरला तर बिल १ लाख १८ हजारांचं. पार्टीने एक रुपया दिलेला नसला, तरी ते १८ हजार आपल्याला सरकारला भरावे लागतात. म्हणजे माल गेला, मजुरी गेली, वर खिशातून कर गेला.

आणि बुडालेलं बिल भरून काढायला किती धंदा लागतो? नफा दहा टक्के धरा. ५० हजार बुडाले तर ५ लाखांचा नवा धंदा केल्यावर आपण फक्त शून्यावर येतो.

मग यावर उपाय काय? कायदा आपल्या बाजूने बराच आहे, फक्त तो लहान लोकांना कुणी सांगत नाही. २००६ चा एमएसएमई विकास कायदा म्हणतो: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असल्यास ठरलेल्या तारखेला, आणि ती तारीख काहीही असली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के.

आणि तो रिजेक्शनचा बहाणा? त्याचंही उत्तर त्यातच आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणजे पाच महिन्यांनी आठवलेल्या रिजेक्शनला फारसा अर्थ उरत नाही. पण त्यासाठी माल कधी पोचला याचा पुरावा हवा. म्हणून डिलिव्हरी चलानवर तारीख, सही आणि शिक्का. ड्रायव्हरला सांगून ठेवा, सहीशिवाय गाडी परत आणायची नाही.

पैसे आलेच नाहीत तर ऑनलाइन तक्रार करता येते, ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. कायद्यात ९० दिवसांत निर्णय द्यावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हेही खरं. पण पार्टीला निकालाविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. त्यामुळे नुसतं ताणत बसणं तिला परवडत नाही.

दोन अटी नीट ऐका. एक, उद्यम नोंदणी आधी हवी, भांडण झाल्यावर नोंदणी करून उपयोग नाही. ती मोफत आहे, फोनवरून होते, एजंटला पैसे देऊ नका. दोन, हे उत्पादन आणि सेवेसाठी आहे. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी दिली ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. म्हणजे बाबांना हा कायदा लागतो, साड्या आणून विकणाऱ्या ताईला लागत नाही. तिच्यासाठी आगाऊ रक्कम हाच कायदा.

भांडण न करता दाब कसा आणायचा? पार्टीच्या मालकापेक्षा तिच्या सीएला समजेल असं पत्र लिहा. दोन वाक्यं पुरतात. पहिलं: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर तुम्ही घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. दुसरं: २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात केलेल्या बदलानुसार, सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा धरला जातो. सीए हे वाचतो आणि मालकाला फोन करतो. आमच्या दोन लाख ऐंशी हजारांचं मुद्दल अशाच पत्रानंतर तीन हप्त्यांत आलं. व्याज बाबांनी सोडलं, आणि त्या पार्टीचं कामही. पाटल्या पुढच्या चैत्रात घरी आल्या.

चेकबद्दल थोडक्यात. चेक परत गेला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. १८८१ च्या कायद्याचं कलम १३८. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. "परत टाका, या वेळी नक्की पास होईल" असं ऐकत बसलात तर तारीख निघून जाते. आणि साध्या उधारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. दरवर्षी मार्चअखेर हिशोबाच्या कागदावर पार्टीची "बाकी मान्य" अशी तारखेसह सही घेतली, तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. एक सही, तीन वर्षं.

अडलेला आणि नडलेला

उशीर करणारा प्रत्येक जण लबाड नसतो. कुणाचं खरंच अडलेलं असतं. ओळखायचं कसं? विचारा, "आत्ता थोडे किती देता? आणि बाकीची तारीख मेसेजवर लिहून द्या." अडलेला माणूस हजार रुपये तरी देतो, तारीख देतो, फोन उचलतो. लबाड माणूस प्रत्येक वेळी नवं कारण देतो आणि लिहून काहीच देत नाही. अडलेल्याला हप्ते बांधून द्या, तो पुढे तुमचं कायमचं गिऱ्हाईक होईल.

आणि राग आला म्हणून कुणाचा फोटो "हा चोर आहे" म्हणून स्टेटसला टाकू नका. ओळखण्यात गफलत झाली तर एका निर्दोष माणसाची गावभर बदनामी होते, आणि बदनामीची केस तुमच्यावरच येते. सीसीटीव्हीचं चित्रण पोलिसांना द्या, ग्रुपवर नको.

याहून मोठं नुकसान वेगळंच असतं. एकाने फसवलं की दुकानदार पुढच्या सगळ्यांकडे संशयाने बघायला लागतो. बोलणं तुसडं होतं. त्या एका भामट्याने पाचशे रुपये नेले, पण आपण चिडून पन्नास चांगली गिऱ्हाइकं घालवली तर जास्त महाग काय पडलं? नियम हवेत ते याचसाठी. तपासायचं काम नियमावर सोडलं की आपण माणसांशी मोकळेपणाने हसू शकतो.

तर या आठवड्यात तीन कामं करा. एक, पेमेंट आपल्याच फोनवर बघायचं, अशी गोड शब्दांतली पाटी काउंटरवर लावा. दोन, उत्पादन किंवा सेवेचा धंदा असेल तर उद्यम नोंदणी करा आणि बिलावर तो नंबर छापा. तीन, वही उघडा आणि प्रत्येक उधारवाल्याच्या नावासमोर एक आकडा लिहा: हे पैसे बुडाले तरी माझ्या घरातलं काही गहाण पडणार नाही, एवढाच. तो आकडा ओलांडला की पुढचा माल रोखीने, मग तो कितीही जुना दोस्त असो.

तुमच्या धंद्यात कुठला नियम कामाला आला ते जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. आणि हा भाग घरात ज्यांच्या हातात गल्ला आहे त्यांना नक्की ऐकवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या आठवड्यात!